चिवड्याच्या ताटलीआधी

"आभाळाले पयला टाका कोनं घातला, सांग?" अकोटच्या एसटी स्टँडवर भावनाला वडिलांचं हे जुनं कोडं आठवलं, कारण मागच्या बाकड्यावर म्हातारा-म्हातारीची तीच हुज्जत जुंपली होती.

"जग कोनी सुरू नाई केलं, लीला. ते पयलेपासून हायेच."

"काईबी! सुरुवात साऱ्यालेच असते. आपलीबी हाय."

"कोनती वं?"

"तुमी मले पाहाले आले तो दिवस. चिवड्याच्या ताटलीतून मान वर नाई केली. बापानं म्हनलं म्हनून हो म्हनले, दुसरं काय!"

"बस आली, ऊठ."

"येऊ द्या. चाळीस वर्सं इचारून राहिली. काहून नाई पायलं?"

"आधीच पायलं होतं तुले, हिवरखेडच्या बाजारात. बापाच्या मांगं मीच लागलो होतो. ताटलीत हासू लपवून राहिलो होतो, बाई!"