शिंप्याची दिवंगत बायको

बायको : आणि गेले कशानं मी? तापानं?

शिंपी : अगं, गोष्ट आहे ती. गोष्टीतली बायको गेली, तू नाही.

बायको : गोष्टीतला नवरा शिंपी. बायको काजं करते, तोंडात टाचण्या धरून भांडते. मग ही कोण, शेजारीण?

शिंपी : गोष्टी लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या बाई म्हणाल्या, जवळचं लिहा, मनाला भिडतं.

बायको : जवळचं लिहा म्हणाल्या. जवळच्यांना मारा म्हणाल्या का?

शिंपी : मागच्या गोष्टीत कुणी मेलं नव्हतं. कुत्रं फिरकलं नाही वाचायला.

बायको : आणि आता?

शिंपी : आता... रीघ लागलीय.

बायको : बघू फोन. ‘दादा, धीर धरा.’ ‘ताईंच्या आत्म्याला शांती लाभो.’ अगं बाई! आणि खाली तुम्ही लिहिलंय, ‘आभारी आहे’!

शिंपी : लोक एवढ्या आपुलकीनं लिहितात, उत्तर नको द्यायला?

बायको : ‘जिवंत आहे, समोर बसून माझं डोकं खातेय’ एवढं लिहायला हात दुखले?

शिंपी : खोटारडा म्हणून हाकलतील गं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, तुम्ही छान लिहिता.

बायको : म्हणजे तुमच्या कौतुकापायी मी मेलेलीच राहू? काही नाही, मीच लिहिते.

शिंपी : ए, थांब! आधी गोष्ट तरी पूर्ण वाच.

(ती वाचते. त्याचं मशीन थांबलेलं.)

शिंपी : झालं वाचून? बोल की. शिव्या तरी घाल.

बायको : ‘लोक माझ्या कटिंगचं कौतुक करायचे. पण शर्टाला खरी शोभा यायची ती तिच्या काजांनी. तिला हे सांगायचं राहूनच गेलं.’

शिंपी : ते आपलं... गोष्टीत लागतं तसं.

बायको : म्हणजे हेही खोटं?

शिंपी : नाही. तेवढं खरंय.

बायको : बरं. मग ऐका, काय लिहिलंय मी. ‘गोष्ट चांगली आहे. मेलेली बायको मीच. काजांचं मला आजच कळलं.’ गेलं बघा.

शिंपी : पाठवलंस? मेलो!

बायको : चला, सोबत झाली मला.

शिंपी : हसू नकोस. हे बघ, लगेच बाईंनीच विचारलंय. ‘मग दादा, आता तरी सांगितलंत का त्यांना?’

बायको : काय लिहिताय?

शिंपी : ‘सांगतो’ म्हणून.

बायको : लिहू नका. तो फोन ठेवा खाली, आणि बोला.