नागप्पाच्या बोरावरचा चंद्र

...न्हाई हो, चंद्र न्हाई हलला, माझी गच्ची हलत होती, पर हललेला फोटू दिला तर हे नांदेडच्या प्रदर्शनाच्या परीक्षकाला कोण सांगणार? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं उदगीरच्या शाळेत चित्रकला शिकवली, एका पोराची रेघ सरळ आली न्हाई, तेबी गिळलं... रिटायर झालो अन् म्हणलं, आपला एक तरी फोटू नांदेडच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात लागावा, खाली नाव, गुरुपादप्पा, उदगीर. एवढीच हौस. अन् फोटू द्यायची तारीख उद्याची!

दिवेलागण, सप्तमीचा अर्धा चंद्र डोक्यावर. अर्धाच पाहिजे बरं का, त्याच्यातच खड्ड्यांच्या सावल्या पडतात, पुनवेचा काय कामाचा, ताटावानी सपाट. दुर्बिणीला मोबाईल बांधला, श्वास धरला, घरात ओरडलो, "कुणी हलू नका!" खालून आमची बायको, रुद्राणी, "मी भाकरी थापायले, मी हलल्यानं तुमचा चंद्र हलतो का?" हलतो! हिथं केसाएवढं हललं की तिथं अख्खा डोंगर फिसकटतो.

अन् रुद्राणीचं काय घेऊन बसलात, शेजारी नागप्पाच्या अंगणात बोर पाडायची गाडी! लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, ते साल. उदगीर जिल्हा होणार म्हणून बोर्ड लागलेले, नळाला पंधरा दिवस थेंब न्हाई. पाणी कुठं लागंल बघायला पाणाड्यानं तळहातावर नारळ धरला, तो उभा राहिला कुठं? बरोबर माझ्या भिंतीखाली! धडधड धडधड... फोटूत चंद्राला तीन कडा, वरून काचेवर फुफाटा. गच्चीवरून म्हणलो, "नागप्पा, पाच मिनिटं थांबवता का?" घागरी घेऊन उभी अख्खी गल्ली माझ्याकडं बघायली. नागप्पा हळूच म्हणला, "गुर्जी, साडेसहाशे फूट झालं. आता थांबवू?"

म्हणलं, न्हाई न्हाई, चालू द्या. अन् मनात? मनात म्हणलो, थांब गं बाई एकदाची. लाज वाटते सांगायला, पर म्हणलो.

अन् थांबली की! साडेसातशेला. मी लगेच, खट्. काय फोटू आला म्हणता, खड्ड्याची कडन् कड मोजून घ्या! नाचत जिना उतरलो, अन् खाली बघतो तर... बोर कोरडा गेलेला. नुसता भुगा. नागप्पा गाडीच्या चाकाला टेकून बसलेला, घागरी तशाच रिकाम्या, अन् माझ्या तोंडावर हे एवढं हसू... कुठं लपवू?

रुद्राणीच म्हणली, दाखवा की त्यांना, तेवढंच मन रमंल. दाखवला. नागप्पानं बोटानं मोठा केला. "किती लांब हाय हे, गुर्जी?" म्हणलं, पावणेचार लाख किलोमीटर. "अन् खड्ड्याचा तळ दिसायलाय?" दिसायलाय म्हणलो, छाती काढून. हिथंच चुकलं.

"मग हे साडेसातशे फूटच हाय की. बघा जरा. ओल असंल तर अजून शंभर जाऊ."

आता काय समजावणार? न्हाई म्हणायला तोंड उघडलं, अन् मघाचं ते मनातलं आठवलं... गच्चीवरची दुर्बीण खाली आणली, पडलो पालथा. फुफाट्यात. दुर्बिणीचं तोंड बोरात, भोवती अख्खी गल्ली, अन् वरून रुद्राणी, "हलू नका!" तिच्यामागं सगळे, "गुर्जी, हलू नका, हलू नका!"

न्हाई हललो. जन्मात इतका स्थिर राहिलो न्हाई.

"काय दिसायलंय, गुर्जी?"

काय सांगू... काळं. निव्वळ काळं. पर तुम्हाला सांगतो, एकदम शार्प.