भागम्माची पारख

— उठू नका हो कल्याणराव, हात जोडून शरणार्थी म्हनते, पाया पडते, जरा बसा. पालमाहून दुसऱ्यांदा आलात, तेच लय झालं माझ्यासारखीच्या दारी. कालचं तुमाला ठावंच हाय — शिव्या तुमीच खाल्ल्या — पन माझ्या तोंडून बी ऐका. टेसनावर फुटाने इकत बसले व्हते, तुमी पैसा दिला, बघते तर मधी आरपार भोक! म्हनलं, ह्यानं मधलं तांबं कोरून इकलं. आन् मी कोन? पिंगळीची पारखी! मालक गेल्यापासून गल्ला मीच बघते, खोटं नानं मला फसवत न्हाई — हा ताठा. पैसा दिला भिरकावून रुळावर, वर तुमच्या सात पिढ्या काढल्या. घरी येते, तर माझ्या गौरेला तुमच्या पोरासाठी बघायला आलेले पावनं तुमीच! पानी बी न पिता गेलात. मी बी गेले असते की.

मागून टेसनमास्तर दिनकरराव हसत सांगायलेत — भागम्मा, लढाईपायी तांब्याची टंचाई हाय, हैद्राबादच्या टांकसाळीतूनच आता असा पैसा निघायलाय. घ्या! तांबं काढलं सरकारनं, आन् चोर ठरवलं मी तुमाला. आता गावातली मानसं माझ्याकडं बोटाचा गोल करून त्यातून बघायलेत. बघू द्या, लायकीच ती माझी.

पन पोरीचा काय दोष? तिनंच तो पैसा रुळातून हुडकला, पुसला, तुमच्यामागं पळत आनून दिला — मला न सांगता. गरीब हाय हो, माझ्यावर गेली न्हाई. ह्याच्या आदी बी सोयरिकीच्या दोन जागा माझ्या जिभेनंच मोडल्या — आता हे कशाला बोलले मी! ऐकलं न्हाई म्हना.

काय काढायलात खिशातून? रुपया? गौरे, ये गं, पदर घे, हात पुढं कर — पसंत केली की पोरगी यांनी! देवा, माझं तोंड आता शिवून टाक. आन गं तो इकडं, देवापुढं ठेवते… असा बद्द का वाजला हो?

अगं बाई. पायरीवर आपटला की मी!

सवय हो, नानं आपटून पारखायची हाताची सवय, मन साफ हाय — चांदी बी कमी केली असंल सरकारनं, तुमी कशाला — दिनकररावांना इचारते — न्हाई, इचारत न्हाई! कल्याणराव, तुमी हसायलात का रागावलात? मिशीमुळं कळंना…

गौरे, मी आत जाते. पावन्यांना पानी तूच दे.