बेचाळिसावी कुंडी

सासरे : वाकडी जातेय नळी. तिसऱ्या कुंडीपाशी बघ.

सून : दोन दिवस उन्हात राहिली की सरळ होते, अप्पा. दुकानदाराने सांगितलंय.

सासरे : दुकानदाराला काय जातंय सांगायला. आणि त्या पेल्यात काय, चहा?

सून : कढत पाणी. टोक बुडवलं की नळी मऊ पडते, मग जोडणी आत सरकते. नाहीतर बोटं सोलवटून निघतात.

सासरे : केवढा हा खटाटोप. एकोणीस वर्षं झारीनेच घातलंस ना पाणी? काय बिघडलं?

सून : झाडांचं काहीच नाही.

सासरे : मग?

सून : बेचाळीस कुंड्या, सकाळ-संध्याकाळ. रबरी नळी कधी लावू दिली नाहीत, माती उडते म्हणून. उद्या मी बहिणीकडे चाललेय, महिनाभर. तुमचे चिरंजीव फिरतीवर. तुम्ही तुमच्या आक्कांकडे. घरात कोण आहे झारी घ्यायला?

सासरे : आणि हे आपोआप चालणार म्हणतेस.

सून : नळाला टायमर लावलाय. सहाला सुरू, दहा मिनिटांनी बंद. दोन्ही वेळा. प्रत्येक कुंडीत हा एवढासा ड्रिपर, त्यातून थेंब थेंब पडतं. माती जागची हलत नाही.

सासरे : ते बरंय. सकाळी आक्काचा फोन होता. आवाज फार खोल गेलाय गं तिचा. म्हणाली, यावेळी उशीर करू नकोस. सातला गाडी सांगितलीय.

सून : ऐकलं मी. पाय घ्या वर, पाणी सोडते. टोक उघडं ठेवलंय. आधी आतला कचरा वाहून जाऊ दे, नाहीतर ड्रिपर तुंबतात.

(नळ सुरू होतो. थोड्या वेळाने बंद होतो.)

सासरे : आलं स्वच्छ. लाव बूच. थांब, थांब. इथे कुठे लावतेस? पुढे अनंत राहिलाय.

सून : राहिलाय.

सासरे : नळी कमी पडली?

सून : नाही. हातभर उरलीय.

सासरे : मग ड्रिपर संपले असतील.

सून : एक आहे. पदराच्या गाठीत.

सासरे : मग लाव की. चेष्टा करतेस का माझी? त्याला कळ्या धरल्यात. दोन दिवस पाणी चुकलं तर सगळ्या गळतील.

सून : हो. अगदी हेच म्हणाला होतात.

सासरे : कधी?

सून : अकरा वर्षं झाली. ह्याच खुर्चीत बसून. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, मी आठ दिवस मागत होते. तुम्ही म्हणालात, अनंताला कळ्या धरल्यात, पुढच्या आठवड्यात जा. मी ब्र काढला नाही. बुधवारी दादाचा फोन आला.

सासरे : मला काय ठाऊक ती इतक्यात जाईल.

सून : मला ठाऊक होतं. सांगितलंही होतं. तुम्ही पेपरचं पान उलटलंत. त्या वर्षी सतरा फुलं आली. येईल त्याला हाताला धरून दाखवत होतात.

सासरे : एवढी वर्षं डूख धरून बसलीस?

सून : बसायला कुठे मिळालं? झारी घेऊन फिरत होते.

सासरे : बरं बाई, चुकलो. आता लाव ते.

सून : नाही. एक्केचाळीस मी लावल्या. ही एक तुमची. झारी भरून खुर्चीमागे ठेवलीय. सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन.

सासरे : आणि मी आक्काकडे कसं जायचं?

सून : पुढच्या आठवड्यात जा.

सासरे : शेजारी किल्ली देतो.

सून : बाहेरच्याने पाणी घातलं की मुळं कुजतात. तुम्हीच सांगायचात.

सासरे : अगं, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती. पुढचा आठवडा बघेल की नाही, देव जाणे.

सून : देवाने तेव्हा मलाही कळवलं नव्हतं.

सासरे : म्हाताऱ्या माणसावर उट्टं काढतेस?

सून : काढतेय. नळी मापून आणली त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे. मुळासकट उपटला असता, तर तुम्ही चार दिवस हळहळला असतात आणि विसरला असतात. मला तुम्ही इथे अडकून हवे होतात. हातात झारी आणि कान फोनकडे. कसं असतं ते एकदा बघा म्हटलं.

सासरे : लाव बूच.

सून : काय?

सासरे : इथेच लाव. गळू देत कळ्या. वाळला तर वाळला, झाडच आहे शेवटी. मी सकाळी सातला निघतोय.

(सून बूच हातातच धरून त्यांच्याकडे बघते.)

सासरे : आता काय झालं? अशी काय बघतेस?

सून : इतकं सोपं होतं, अप्पा?