बंड्याचा खुराक

उंदीर चावला म्हणून हसताय काय लेको? साधासुधा उंदीर न्हवता तो. आमच्या पोरीनं, सईनं हट्टानं पाळलेला पांढरा नर, नाव बंड्या. तालमीत दहा वर्सं पोरं घडवल्यात मी. म्हटलं, ह्याला पण तयार करतो. रोज सकाळी भिजवलेला बदाम पिंजऱ्याच्या गजातनं माझ्या हातानं भरवायला लागलो. दोन महिन्यांत गडी असा माजला, की कुणी जवळ गेलं की केस उभे करून आडवाच अंगावर यायचा. आणि एक दिवस त्यानं बदाम सोडला, माझं बोटच धरलं! रक्ताची धार लागली. मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता उसात सोडून येतो ह्याला!" सई पिंजऱ्याला मिठी मारून रडायला लागली.

शेवटी बायको, सई आणि मी बंड्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, "पैलवान, बंड्या वयात आलाय. नसबंदी करू, महिन्याभरात शांत हुईल. तोवर हातानं भरवायचं बंद. वाटी ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं आणि त्याचं खाऊन होईस्तवर एक शब्द बोलायचा न्हाय."

बायको म्हणाली, "एवढंच व्हय? मग काळजी करू नका डॉक्टर. पंधरा वर्सं ह्यास्नी तसंच तर जेवायला घालतीय मी."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं आणि गपचिप दोन पावलं मागं सरले.