फलकावरच्या दोन्ही बायका मीच

नाव: ताइवो अबेनी शोदिपे
वय: ५८ वर्षे
धंदा: अदिरे (निळीचे नक्षीदार) कापड रंगवणे व विकणे
राहणार: इतोकू बाजाराच्या मागे, आबेओकुटा
मूलबाळ: नाही

मी आज मंगळवारी सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायाने ठाण्यात आले असून, सार्जंट ओयेलेरान यांनी समोर बसवून विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

माझे वय अठ्ठावन्न आहे. सार्जंटसाहेबांनी ते दोनदा विचारले. कारण माझी जुळी बहीण केहिंदे अशाबी ओगुनदेरू हिने गेल्या वर्षी याच ठाण्यात मोबाइल हरवल्याची तक्रार दिली, तेव्हा वय सत्तेचाळीस लिहवले आहे. आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच आईच्या पोटातून, वीस मिनिटांच्या अंतराने आलो. मधली अकरा वर्षे कुठे गेली ते तिला विचारावे. आमच्या लोकांत जुळ्यांपैकी आधी बाहेर येते ती ताइवो आणि मागून येते ती केहिंदे. मागचीने पुढचीला जग बघून यायला धाडले, म्हणून मागची थोरली धरतात. मानपान घेताना ती थोरली आणि वय सांगताना धाकटी, अशी आमची वाटणी आहे. सार्जंटसाहेबांनी हे सर्व लिहिण्याची गरज नाही असे सांगितले. मी म्हणाले, गरज आहे, लिहा.

आमचे चेहरे सारखे आहेत. लहानपणी आई आमच्या मनगटांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधत असे आणि आम्ही ते बदलत असू.

केहिंदे विधवा आहे. तिला मोसुनमोला नावाची एकच मुलगी. मुलीचे लग्न ठरल्यावर, म्हणजे पावणेदोन वर्षांपूर्वी, केहिंदे हिच्या डोक्यात आले की विहीणबाई आपल्यापेक्षा तरुण दिसतात. माझ्या दुकानासमोर मोरेनिके बान्कोले हिचे सौंदर्यप्रसाधनांचे दुकान आहे. ती ‘दहा वर्षं मागे’ या नावाचे मलम डबीत भरून विकते. ते ती स्वतः मागच्या खोलीत प्लास्टिकच्या बादलीत कालवते. मी समोर बसते, त्यामुळे बादली मी पाहिली आहे. केहिंदे तिथून डबी घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली,

“ताइवो, तुझं तोंड बघितलं की मला माझं वय आठवतं. जरा तरी लाव काहीतरी.”

मी म्हणाले, “मग माझ्याकडे बघू नकोस ना बाई. एवढा बाजार भरलाय, तिकडे बघ.”

मी डबी उघडून वास घेतला. आम्ही कापडाचा रंग उतरवायला कॉस्टिक सोडा व एक पांढरी पूड वापरतो. हातमोजे घालून वापरतो. रंग झटकन उतरतो, पण तेच कापड पुन्हा पुन्हा बुडवले तर वाळत घालताना हातात फाटते. डबीत काय आहे ते मला वासावरून कळले नाही. पण डबीवर काय नाही ते कळले. कशाकशाचे केले ते नाही, कोणी केले ते नाही, सरकारी नोंदणीचा क्रमांक नाही, तारीख नाही. नुसते एका गोऱ्या बाईचे चित्र होते, तीही पंचविशीची. पंचविशीतल्या बाईला दहा वर्षे मागे नेले तर ती शाळेत जाईल.

मी रस्ता ओलांडून मोरेनिके हिला विचारले, “मॅडम, यात घातलंय काय?”

ती म्हणाली, “जर्मनीचं तंत्र, इजिप्तची वनस्पती आणि माझ्या हाताचा गुण.”

“आणि डबीवर यातलं काय लिहिलंय?”

“आँटी, तुम्ही कापड बघा. कातडीचं आम्ही बघतो.”

पहिले तीन महिने मला खाली मान घालून हिंडावे लागले, हेही लिहा. केहिंदे हिचा चेहरा खरोखर तुकतुकीत झाला. कपाळावरच्या रेघा गेल्या. एकाच रिक्षात बसलो असता रिक्षावाला तिला “सिस्टर, सरका” म्हणाला व मला “ममा, सांभाळून” म्हणाला. ती घर येईपर्यंत हसत होती. मी घरी जाऊन आरशात बघितले. नेहमीप्रमाणे शिआच्या बियांचे लोणी लावले आणि झोपले.

पाचव्या महिन्यात तिला उन्हात उभे राहवेना. गालांवर लाल शिरा दिसू लागल्या. तिने मलम आठवडाभर बंद केले तर तोंडभर पुरळ आले, म्हणून परत लावले. मोरेनिके हिने सांगितले, “आतलं म्हातारपण बाहेर पडतंय, पडू द्या,” आणि आणखी जालीम डबी दिली. एवढे धडधडीत खोटे कोणी मला कापडाबद्दल सांगितले असते तर मी रंगाची बादली त्याच्या डोक्यावर ओतली असती. माझी बहीण तिला थँक यू म्हणून आली. गेल्या डिसेंबरपर्यंत दोन्ही गालांवर निळसर काळे डाग पडले व पायांना सूज आली. माझे हात तीस वर्षे निळीत आहेत. महिनाभर धंदा बंद ठेवला तर ते परत मूळ रंगावर येतात. तिचे गाल मी स्वतः लिंबू लावून, साबण लावून बघितले. ते तसेच राहिले.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासली व डबीही तपासायला पाठवली. डबीत पारा निघाला, कातडी पातळ करणारे स्टेरॉइड निघाले व डाग पाडणारे आणखी एक रसायन निघाले. त्याचा कागद सोबत जोडला आहे. पाऱ्याने तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली आहे. डॉक्टरीणबाई तिला रागे भरल्या नाहीत. त्या म्हणाल्या,

“ममा, सुरकुत्या उन्हाने पडतात. छत्री घ्या, उन्हाचं क्रीम लावा, रात्री साधं तेल नाहीतर लोणी लावा. त्याहून जास्त हवं असेल तर औषधं आहेत, पण ती आम्ही देतो, थोडी थोडी, आणि गुण यायला सहा महिने लागतात. आठवड्यात गुण आला की घाबरायचं. आणि पोटुशी बाई असेल तर असली डबी त्या घरातसुद्धा नको.”

केहिंदे हिने विचारले, “लग्नापर्यंत डाग जातील का?” डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

लग्न अठरा जानेवारीला शनिवारी होते. त्याच्या आठ दिवस आधी केहिंदे हिने हट्ट धरला की तिच्या जागी आईच्या खुर्चीवर मी बसावे. मी पुष्कळ नाही म्हणाले. शेवटी तिच्या रडण्यापुढे माझे चालले नाही. मी तिचे कपडे घातले, तिचा डोक्याचा फेटा बांधला व हातांच्या निळ्या पेरांसाठी जाळीचे हातमोजे घातले. मोसुनमोला हिला माहीत होते. शेजारच्या खुर्चीवर केहिंदे हिचे दीर होते. त्यांना मोतीबिंदू आहे. त्यांनी मला “वहिनी, आज तुम्ही पहिल्यासारख्या दिसता” असे सांगितले.

मी माझ्याच भाचीच्या लग्नाला आले नाही, याबद्दल तीन बायकांनी मला माझ्या तोंडावर सांगितले, “ताइवो कशाला येईल? जळते ती तुझ्यावर. पोर ना बाळ, तिला काय त्याचं.” त्यांना मी “हो ना” म्हणाले. त्या तिघी माझ्याच दुकानातले कापड नेसून आल्या होत्या.

मुलाकडची माणसे आडवी पडून पाया पडली. मग मोसुनमोला माझ्यापुढे गुडघे टेकून बसली व “आई” म्हणाली. मोजे घालून डोक्यावर हात ठेवत नाहीत म्हणून मी मोजे काढले. मी प्रार्थना केली. केहिंदे मागच्या खोलीत होती. खिडकी लावून घेतलेली होती. तिला तिथे काय ऐकू आले ते मी अजून विचारलेले नाही.

मोरेनिके पाहुणी म्हणून आली होती. तिने फोटो काढले. दोन मार्च रोजी बाजाराच्या चौकात तिने मोठा फलक लावला. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, खाली तिच्या दुकानाचा पत्ता. ‘नंतर’ म्हणजे खुर्चीवरची, एक हात मुलीच्या डोक्यावर. ‘आधी’ म्हणजे गेल्या कोरड्या हंगामात तिने माझ्या दुकानात काढलेला फोटो. तेव्हा ती म्हणाली होती, “आँटी, कापड धरून उभ्या राहा, माझ्या लंडनच्या बहिणीला पाठवते.” डोळ्यांवर ऊन, डोक्याला फडके, ओठ फुटलेले. म्हणजे ‘आधी’ही मीच आणि ‘नंतर’ही मीच, आणि मी तिच्या बादलीतले एक बोटभरसुद्धा आजवर लावलेले नाही. पुरावा पाहिजे असेल तर दोन्ही फोटोंत बोटांची पेरे बघावीत. निळी आहेत. सार्जंटसाहेबांनी खिडकीतून फलक बघितला व माझे हात बघितले.

मी तेव्हाच मोरेनिके हिला जाब विचारला. ती म्हणाली, “हा फोटो केहिंदे मॅडमचा. तीनशे लोकांनी त्यांना खुर्चीवर बघितलंय. त्या नव्हत्या तर मग कोण होतं? सांगा ना आँटी, मोठ्याने सांगा.” असे म्हणून ती हसली. तिला कळले आहे की नाही ते मला सांगता येत नाही. मी परत येऊन दुकानात बसले.

त्यानंतर मी नऊ दिवस गप्प बसले, हे कबूल करते. रोज समोर बायका डब्या घेताना दिसत होत्या. एक दोघी माझ्याकडे येऊन “बहिणीचं तोंड कसं खुललं बघा, तुम्ही का नाही लावत?” असे विचारून गेल्या. मी त्यांना ऊन फार आहे, छत्री घ्या, एवढेच सांगितले. मला त्याची लाज वाटते.

काल दुपारी मोसुनमोला हिचा फोन आला. तिला तिसरा महिना आहे. ती म्हणाली,

“मावशी, सासूबाईंनी चौकातला फलक बघून डबी आणली. म्हणाल्या, बाळंतपणात चेहरा उतरतो, आत्तापासून लाव, तुझ्या आईसारखं तोंड राहील.”

मी विचारले, “लावलंस?”

“दोन दिवस. समोर उभ्या राहून लावायला लावतात. त्यांना मी काय सांगू? आईसारखं तोंड नको, असं कसं म्हणू?”

मी तिला साबणाने तोंड धुवायला सांगितले व डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितले. डबी फडक्यात गुंडाळून घराबाहेर ठेव म्हणून सांगितले. तिला रडू आले व तिने फोन ठेवला. मी दुकान बंद केले.

सबब मोरेनिके बान्कोले हिच्या दुकानातली बादली व डब्या आजच्या आज जप्त कराव्यात, फलक उतरवावा, व तिने माझ्या बहिणीचे वाटोळे केले त्याबद्दल तिच्यावर कारवाई व्हावी. मोसुनमोला हिच्या सासरी पोलिसांनी वर्दीत जाऊ नये. मी स्वतः जाऊन विहीणबाईंना सांगते. त्या मला काय बोलायचे ते बोलतील.

जबाब वाचून दाखवत असता सार्जंटसाहेब लग्नाच्या मजकुराशी थांबले व म्हणाले, “ममा, यावरून तुमच्या बहिणीनं मुलाकडच्यांना फसवलं असं होतंय. मला बहिणीला बोलवावं लागेल. त्यांचं नाव आरोपीत येईल.”

त्यावर मी सांगितले की, “केहिंदे हिने हट्ट धरला” तिथपासून “रडण्यापुढे माझे चालले नाही” इथपर्यंतचा मजकूर खोडावा. तो खोटा आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी केहिंदे माझ्या घरी आली. तिने तोंडावरचे फडके सोडले व म्हणाली, “मी अशीच बसते. पोरीला विचारलं, ती हो म्हणाली. हसतील त्यांना हसू दे.” मी म्हणाले, “अगं, जन्मभराच्या फोटोत हे तोंड ठेवणार का तिच्या? जरा तरी लाज बाळग.” तिने फडके परत तोंडावर ओढले. मग तिने विचारले, “मग कोण बसेल?” मी म्हणाले, “मी बसते.” रडली ती त्यानंतर. लग्नाच्या दिवशी मी तिला मागच्या खोलीत पाठवले आणि खिडकी मी लावली. मोसुनमोला कोणाला तरी गुडघे टेकून “आई” म्हणणार होती. ते मला ऐकायचे होते.

आरोपीत नाव घालायचे तर माझे घाला.

या दुरुस्तीसह जबाब मला पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून दाखवला. आता तो बरोबर आहे.

सही: ताइवो अबेनी शोदिपे
समक्ष: सार्जंट ओयेलेरान