अंगाची याद

(माकणी, निजामाच्या राज्यात. देवी टोचणारे मुनवरमियाँ खोलीच्या दारात आडवे उभे. घरची सून चन्नम्मा तान्ही पोर कडेवर घेऊन. शेजारी तिची थोरली नणंद रुद्रम्मा.)

चन्नम्मा : सरा बाजूला! पोरगं आत तापानं फणफणतंय, अन् तुमी आईलाच अडवता?

मुनवर : अडवणारच, बेटी. देवी आल्यात त्याला. मागं म्या टोचलं होतं, मग दंडावर वण कसा न्हाय?

चन्नम्मा : तुमची पाठ वळली अन् म्या लिंबाच्या पाल्यानं धुतलं. देवी कोपंल म्हनून.

मुनवर : या खुदा! अगं, टोचलं की अंगाला दुश्मनाचं तोंड दिसतं. एवढ्याश्या फोडावर ते लढाई शिकतं अन् याद ठेवतं. शिकायच्या आधीच पुसलंस तू.

रुद्रम्मा : झालं ते झालं, मियाँ. पोराजवळ कुनी बसायचं ते सांगा.

मुनवर : तुम्ही. देवीतनं उठलेलं अंग तिला लगेच वळखतं, आत पाय रोवू देत न्हाय.

रुद्रम्मा : लई शहाणं अंग! मग हिवतापानं मला दर साली का लोळवावं?

मुनवर : तो निराळा दुश्मन, बाई. अंग त्याला पुरतं हरवत न्हाय. ज्याच्याशी लढून जिंकलं, त्याचीच याद पक्की.

चन्नम्मा : मग मला बी टोचा, अन् जाऊ द्या आत.

मुनवर : टोचतो, दोघी मायलेकींना. पण अंग आजच्या आज शिकत न्हाय, आठवडा तरी लागतो. तवर तू आत बसलीस, तर या दूधपित्या पोरीचं काय?

चन्नम्मा : देवा रे! अक्का... हिच्या बारशाला म्या तुमाला पाळण्याला हात लावू दिला न्हाय. तुमच्या तोंडावरचे वण बघून.

रुद्रम्मा : लई लागलं होतं मला. घरी जाऊन जेवले न्हाय. जाऊ दे, दंड पुढं कर. अन् या बारीला धुवू नको.

चन्नम्मा : बसवण्णाची आण, न्हाय धुणार. अक्का, त्याला पेज पातळ लागती. फोड खाजवू देऊ नका.

रुद्रम्मा : व्हय.

चन्नम्मा : अन् झोपेत ‘आई’ म्हनून हाका मारतोय त्यो.

रुद्रम्मा : मारू दे. मी ओ देईन.